हेडफोन कानाला, कसोटी माइकची

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हजार-बाराशे रुपयांचे इअरबड घेणारा माणूस डबा उलटसुलट करून पाहतो. डब्यावर ठळक अक्षरांत ‘ईएनसी’ छापलेले असते, शेजारी लाटांचे निळे चित्र असते आणि विक्रेता सांगत असतो, ‘‘नॉइज कॅन्सलेशन आहे साहेब, बाहेरचं काही ऐकू येणार नाही.’’ माणूस घरी येतो, इअरबड कानात घालतो आणि स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी त्याला पूर्वीइतकीच खणखणीत ऐकू येते. विक्रेता अगदीच खोटे बोललेला नसतो. ईएनसी ही सोय माइकसाठी असते. फोनच्या पलीकडच्या माणसाला अलीकडचा गोंगाट कमी ऐकू जावा, एवढेच तिचे काम. ऐकणाऱ्याच्या कानात शिरणारा आवाज कमी करणारी सोय वेगळी, तिला एएनसी म्हणतात. फरक एका अक्षराचा, पण फायदा दोन निराळ्या माणसांचा.

मार्च २०२० नंतर घराघरांतल्या जेवणाच्या टेबलांची ऑफिसे झाली आणि हेडफोन ही चैनीची वस्तू कामाच्या सामानात जमा झाली. तेव्हापासून बाजाराने एकच यंत्र दोन कामांसाठी विकायला काढले आहे: घरून काम आणि प्रवास. जाहिरातीतला माणूस विमानाच्या खिडकीशी डोळे मिटून बसतो आणि पुढच्याच दृश्यात तोच हेडफोन घालून मीटिंगमध्ये हसत असतो. प्रत्यक्षात ही दोन कामे इतकी वेगळी आहेत, की एकासाठी उत्तम ठरलेला हेडफोन दुसऱ्यासाठी पैसे वाया घालवू शकतो. प्रवास करणाऱ्याने एएनसीवर जरूर खर्च करावा. घरून काम करणाऱ्याने आधी माइककडे पाहावे. एएनसीचा विचार त्यानंतर.

याचे कारण या तंत्राच्या जन्मातच आहे. एका आवाजाच्या लहरीवर नेमकी उलटी लहर सोडली, तर दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांनी मांडली आणि १९३६ मध्ये त्यांना तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. कल्पना सोपी, पण तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आवाक्याबाहेरची. तिचा हेडफोन व्हायला चार-पाच दशके गेली. ब्रिटिशविरोधी चळवळीत भाग घेतल्यामुळे बंगाल सोडून अमेरिका गाठलेल्या वडिलांचा मुलगा, एमआयटीतला प्राध्यापक आणि स्वतःच्या नावाच्या ध्वनी कंपनीचा संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानाने परतत होता. विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनमधले संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेले, तेव्हा त्याने त्याच प्रवासात उलट्या लहरीचे गणित कागदावर मांडायला सुरुवात केली. १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून वाटेत कुठेही न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या कानांवर याच गणितावर बेतलेल्या बोसच्या हेडसेटचे प्रायोगिक नमुने होते. १९८९ मध्ये तो वैमानिकांसाठी विक्रीला आला आणि साध्या प्रवाशाच्या हाती पडायला २००० साल उजाडले.

म्हणजे हे यंत्र जन्माला आले ते इंजिनाशी लढायला. आजही ते तिथेच जिंकते. हेडफोनवरचा छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. विमानाची घरघर एकसारखी आणि खालच्या पट्टीतली असल्याने चिपला पुढे काय येणार याचा अंदाज सापडतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. ४००० हर्ट्झच्या आवाजाची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची असते. तिथे सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाचा उशीर झाला, तरी उलटी लहर मूळ आवाज खोडण्याऐवजी त्यात भर घालू लागते. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर एएनसीचा जोर ओसरतो आणि पुढचे काम कानावरच्या गादीलाच करावे लागते.

आता मराठी घरातल्या आवाजांची यादी करून पाहावी. कुकरची शिट्टी, घासलेली भांडी पालथी घालतानाचा खणखणाट, दाराची बेल, ‘ए भाजीऽऽ’ अशी हाळी, वरच्या मजल्यावरच्या नूतनीकरणाचा ड्रिल, शेजारच्या खोलीतली मालिका आणि सगळ्यात चिवट म्हणजे माणसांचे बोलणे. यातले बहुतेक आवाज अचानक येतात, चढउतारांचे असतात किंवा वरच्या पट्टीत असतात. पंख्याची आणि एसीची घरघर एएनसी सहज पुसून टाकते. मिक्सरच्या आवाजातला खालचा गुरगुराट कमी होतो, वरची किरकिर उरते. बोलण्याचे तर आणखी विचित्र होते. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांचा बराचसा भाग हजार हर्ट्झच्या वरचा. आजूबाजूची घरघर गेल्यामुळे शेजारच्या खोलीतली मालिका काही जणांना उलट अधिक स्पष्ट ऐकू येते. पंचवीस-तीस हजार रुपये मोजलेल्या माणसाला हा अनुभव फार लागतो, पण यंत्र बिघडलेले नसते.

अशा आवाजांवर चालतो तो जुनाच उपाय, कान नीट झाकणे. कानावरची गादी चारी बाजूंनी चिकटून बसली पाहिजे, इअरबडचे रबरी टोक कानाच्या भोकात गच्च बसले पाहिजे. डब्यात तीन-चार मापांची टोके देतात आणि बहुतेक लोक आधीपासून बसवलेलेच वापरतात. बाकीची टोके डब्यातच राहतात. हजारो रुपयांच्या फरकापेक्षा या फुकटच्या टोकांमुळे जास्त फरक पडतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कानाभोवती बसणाऱ्या मोठ्या हेडफोनचे शत्रू निराळे आहेत. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि त्या फटीतून नेमका खालच्या पट्टीतला आवाज आत येतो, म्हणजे एएनसीची सगळी मेहनत पाण्यात. कुड्या, झुमके, भिकबाळी यांचेही तसेच. दोन तासांच्या मीटिंगमध्ये कुडीची फिरकी मानेवर टोचायला लागली, की हेडफोनचे कौतुक संपते. परीक्षणे वाचताना हा मुद्दा क्वचित दिसतो, कारण ती लिहिणाऱ्यांच्या कानांत सहसा कुड्या नसतात. दुकानात हेडफोन घालून पाहायचा असेल, तर रोजचा चष्मा आणि रोजचे दागिने घालूनच जावे आणि किमान दहा-पंधरा मिनिटे तो कानांवर ठेवावा. एएनसी सुरू होताच कान दडपल्यासारखे वाटणारेही काही लोक असतात. त्यांना ते कळायलाही तेवढा वेळ लागतो.

मीटिंगमध्ये मात्र स्वतःच्या कानाला किती शांत वाटते, हा दुय्यम प्रश्न आहे. पलीकडच्या दहा जणांना काय ऐकू जाते, यावर काम अवलंबून असते. इथे महागडा संगीताचा हेडफोन हमखास उघडा पडतो, आणि त्याचे कारण ब्लूटूथच्या रचनेत आहे. गाणी ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, त्यामुळे त्याची प्रत चांगली ठेवता येते. माइक सुरू झाला, की जोडणी मुळात फोनसाठी तयार झालेल्या दुसऱ्या पद्धतीवर जाते. तिच्या जुन्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात १६,०००. संगीताच्या सीडीत ते ४४,१०० असतात. म्हणूनच गाणे भरदार वाजवणारा तोच हेडफोन मीटिंग सुरू होताच जुन्या टेलिफोनसारखा वाजू लागतो आणि लोक इंटरनेटला दोष देतात. नव्या ‘एलई ऑडिओ’ पद्धतीत ही अडचण बरीच सुटते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोघांनाही ती यावी लागते. तोवरचा सोपा तोडगा म्हणजे मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडणे.

दुसरे कारण अंतराचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून ३ सेंटिमीटरवर असलेल्या माइकला जो आवाज मिळतो, तो १२ सेंटिमीटरवरच्या, म्हणजे कानापाशी बसवलेल्या माइकपर्यंत १२ डेसिबलने क्षीण होऊन पोहोचतो. खोलीतल्या कुकरची शिट्टी मात्र दोन्ही माइकना सारखीच. हा तोटा भरून काढायला महाग हेडफोनात अनेक माइक आणि बरेच गणित कोंबलेले असते. तोंडासमोर दांडी आणलेला दोन-तीन हजारांचा वायरवाला हेडसेट ते काम गणिताशिवाय करतो. कॉल सेंटरमधल्या मुलामुलींच्या डोक्यावर तो दांडीचा हेडसेट अजून टिकून आहे, ते उगाच नाही. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगचे चंद्रावरचे शब्द पृथ्वीवर आले, तेही प्लॅन्ट्रॉनिक्स कंपनीच्या हेडसेटमधून, तोंडाजवळच्या माइकमधून. दिसायला ही दांडी जरा ऑफिसछाप वाटते, हे खरे. मीटिंगमध्ये कोणी त्याची दखल घेत नाही. ‘आवाज येत नाहीये’ हे वाक्य मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

झूम, टीम्स, गूगल मीट यांच्या आत गोंगाट गाळण्याची सोय आता असतेच, काहींत वेगळे पैसे न मोजताही. कुत्र्याचे भुंकणे, कीबोर्डची टकटक, पंखा यांवर ती बऱ्यापैकी चालते. पण यंत्राला गोंगाट म्हणजे काय हे कोणी तरी शिकवलेले असते आणि त्या शिकवणीत तानपुरा नव्हता. टाळेबंदीत ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्यांना याचा फटका बसला. तानपुऱ्याचा अखंड सूर झूमला पंख्याच्या घरघरीसारखा वाटायचा आणि तो गाळून टाकला जायचा, गुरूंचा षड्ज अधांतरी राहायचा. मग झूमच्या सेटिंगमधली मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय शोधून ती चालू करणे, हा संगीताच्या वर्गाचा पहिला धडा झाला.

प्रवासात सगळे चित्र पालटते. विमानाच्या केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबलची घरघर तासन्‌तास चालू असते. वंदे भारतच्या किंवा एसी चेअर कारच्या बंद डब्यात रुळांचा आणि वातानुकूलनाचा एकसारखा आवाज असतो. कोकण रेल्वेवर बोगद्यामागून बोगदे येतात, त्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदाही आहे, आणि तिथला घुमारा खालच्याच पट्टीतला. अशा ठिकाणी चांगला एएनसी चालू केला, की खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते. एसटीच्या लाल गाडीत मात्र इंजिन थोडे मागे हटते आणि खिडक्यांचा खडखडाट पुढे येतो. तिथे पुन्हा गादीच कामाला येते.

प्रवासाचा हेडफोन निवडताना एएनसीच्या जोडीला एक साधी गोष्ट पाहावी, ती म्हणजे वायर लावायचे भोक. विमानातल्या आसनापुढच्या पडद्याला बहुतेक ठिकाणी अजून वायरच लागते आणि काही विमानांत दोन टोकांची पिन असते, त्यासाठी शे-दोनशे रुपयांचा अडॅप्टर पिशवीत असलेला बरा. इअरबडना वायर लावताच येत नाही. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सचे पहिले मॉडेल भारतात ५९,९०० रुपयांना आले, पण साध्या ३.५ मिलिमीटरच्या भोकाला जोडायची वायर त्यात नव्हती, ती वेगळी विकत घ्यावी लागे. त्याचे वजन ३८५ ग्रॅमच्या आसपास, तर सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ चे सुमारे २५० ग्रॅम. बारा तासांच्या विमानप्रवासात हे सुमारे १३५ ग्रॅम मानेला जाणवतात. सोनीचा किस्साही गमतीचा आहे. २०२० च्या एक्सएम४ ला घडी पडायची. २०२२ च्या एक्सएम५ मधून कंपनीने घडी काढून टाकली. प्रवाशांनी कुरकुर केली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये घडी परत आली. तेव्हा नवे मॉडेल म्हणजे प्रत्येक बाबतीत चांगले, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. एक पिढी जुना हेडफोन हजारो रुपयांनी स्वस्त मिळत असेल आणि त्याची घडी पडत असेल, तर प्रवाशासाठी तोच शहाणपणाचा सौदा.

आपल्या हवेचा हिशेबही परदेशी परीक्षणांत सापडत नाही. मे महिन्यात कानांवर कृत्रिम चामड्याच्या गाद्या ठेवून तासभर बसणे ही शिक्षाच. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत या गाद्यांचे काळे पापुद्रे दोन-तीन वर्षांत गळू लागतात आणि शर्टाच्या कॉलरवर दिसतात. गाद्या वेगळ्या मिळतात का, बदलता येतात का, हे खरेदीआधी पाहावे. इअरबडचे दुखणे याहून मोठे. त्यातली इवलीशी बॅटरी रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलायची सोय बहुतेक कंपन्यांनी ठेवलेलीच नाही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता-बदलता यावी, असा नियम केला आहे. त्याचा फायदा इथल्या ग्राहकालाही मिळाला तर उत्तमच. तोवर महागडे इअरबड म्हणजे दोन-तीन वर्षांचे भाडे आगाऊ भरणे.

एक फायदा मात्र जाहिराती फारसा सांगत नाहीत आणि तो सगळ्यात मोलाचा आहे. गोंगाटात माणूस आवाज वाढवत नेतो. बाहेरची घरघर कमी झाली, की गाणे हळू लावले तरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलच्या आसपासचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. त्यापेक्षा मोठ्या आवाजात ही मुदत झपाट्याने घटते. रोज दोन-अडीच तास लोकलमध्ये साधे इअरफोन पूर्ण आवाजात लावणाऱ्या तरुणाला चांगल्या एएनसीची खरी गरज आहे. फलाटावर उतरल्यावर आणि रस्ता ओलांडताना मात्र बाहेरचा आवाज आत सोडणारी ‘ट्रान्सपरन्सी’ची सोय चालू हवी. रुळांच्या आसपास तर हेडफोन कानांवरून काढलेलाच बरा.

पण हा सगळा खर्च मुळात करावा का लागतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा कागदावर आहे. २०२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रे जोडली आणि हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. त्याची चित्रफीत देशभर फिरली, लोक खूश झाले, हॉर्न पुन्हा सुरू झाले. रेल्वेनेही २०२२ मध्ये रात्री १० नंतर डब्यात मोठ्याने बोलायला आणि इअरफोनशिवाय गाणी लावायला मनाई केली. तरी रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवरून रील्सचा आवाज येतोच. गोंगाट करणाऱ्याला काही खर्च येत नाही आणि शांतता हवी असणाऱ्याने तीस हजार मोजायचे, हा व्यवहार उलटा आहे. हेडफोन विकणाऱ्यांची यात काही तक्रार असण्याचे कारण नाही.

घरून काम करवून घेणाऱ्या कंपन्यांकडे तर हे बोट अधिक नेमके रोखता येते. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या अनेक ऑफिसांनी जागेचे भाडे, वीज आणि चहाचा खर्च वाचवला. लॅपटॉप कंपनीचा असतो, पण त्याच्याशी बोलायचा हेडसेट कर्मचाऱ्याने आपल्या खिशातून घ्यायचा, असे अजून कितीतरी ठिकाणी चालते. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, शाळकरी मूल आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी चालतात, तिथे दांडीचा माइक असलेला हेडसेट हे कामाचे हत्यार आहे. लॅपटॉपची मागणी ज्या अर्जात करतात, त्याच अर्जात पुढच्या ओळीत हेडसेट लिहायला कोणाला संकोच वाटू नये, आणि कंपनीने तो मुकाट द्यावा. शंभर जणांच्या ऑफिसला हा खर्च दोन-तीन लाखांचा, तोही एकदाच. मग स्वतःच्या पैशांनी घ्यायचा राहतो तो फक्त प्रवासाचा हेडफोन, आणि तो दिवाळीच्या सेलमध्ये मागच्या पिढीचा घेतला तरी चालतो.